सोपं कुणाला म्हणता हो?

मी स्वभावाने शांत माणूस आहे. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढली की माणूस एक तर शांत होतो, नाही तर त्याची बदली होते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा एकाच पट्टीत म्हणू शकतो. पण सध्या मी एका शब्दावर भयंकर चिडलो आहे. तो शब्द म्हणजे ‘सोपं’.

या शब्दाच्या घराण्याशी माझी ओळख जुनी. त्याचा थोरला भाऊ ‘सुलभ’ आमच्याच धंद्यात असतो. सुलभ कर्ज, सुलभ हप्ते, सुलभ अर्ज. बी.कॉम. करत असताना मला वाटायचं, सुलभ म्हणजे खरोखरच सुलभ. नोकरीला लागल्यावर कळलं, की ज्या कर्जाच्या नावातच ‘सुलभ’ आहे त्याला सतरा सह्या लागतात आणि दोन जामीनदार. तरी पण बँकेचं एक बरं असतं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत का होईना, अटी छापलेल्या असतात. पाककृती लिहिणारे लोक तेवढीही भीड बाळगत नाहीत.

प्रकरण असं झालं. आमच्या रोखपालांनी कुठल्याशा रविवार-पुरवणीतलं एक कात्रण मला आणून दिलं. मथळा होता, ‘नवशिक्यांसाठी अगदी सोपा घरगुती हर्ब ब्रेड’. शेजारी फुगलेल्या, सोनेरी, तकतकीत ब्रेडचं चित्र. मजकूर जेमतेम बारा ओळी. बारा ओळींत तर आमच्याकडे खातं बंद करण्याचा अर्जसुद्धा मावत नाही. रविवारी सकाळी मी घरात जाहीर केलं, “आज स्वयंपाकघराला माझ्याकडून रजा. मी ब्रेड करतोय. अगदी सोपा आहे.”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मी मनावर घेतलं नाही, ही माझी पहिली चूक.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या लहानपणी परभणीत ब्रेडला ‘डबल रोटी’ म्हणत. निजामी राजवट १९४८ साली गेली, शब्द राहिले. आणि डबल रोटी घरात यायची ती फक्त ताप आल्यावर. धडधाकट माणसानं ब्रेड खाणं म्हणजे विनाकारण दवाखान्यात जाऊन झोपण्यासारखं होतं. तेव्हा ब्रेड घरी करायचा, तोही रविवारी, तोही ताप नसताना, ही आमच्या घराण्याच्या इतिहासातली पहिलीच घटना होती.

कात्रणात ‘हर्ब’ म्हणून चार नावं दिली होती. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, पार्सली. शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकातल्या मुलींची हजेरी घेतल्यासारखं वाटलं. पिशवी घेऊन गांधी पार्कात गेलो. नेहमीच्या किराणा दुकानदाराला विचारलं, “हर्ब आहे का?”

“म्हंजे?”

“म्हणजे झाडपाला. वाळलेला.”

“मग आयुर्वेदिकवाल्याकडं जा की साहेब. कुणाला काय व्हायलंय?”

यीस्ट मागितलं तर त्यानं पोटात गॅस झाल्यावर घेतात ती पुडी पुढं केली. फार चुकला असंही नाही. दोन्हींत फुगण्याचाच मामला असतो. शेवटी नानलपेठेतल्या एका दुकानात यीस्टची डबी मिळाली आणि ओरेगॅनोची इवलीशी बाटलीही. बाटलीची किंमत पाहून मी ती बाई माणसाच्या अंगावरचा दागिना पाहावा तशी लांबूनच पाहिली आणि परत ठेवली.

घरी येऊन कामाला लागलो. यीस्ट म्हणजे, वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचं तर, चक्रवाढ व्याज. थोडं मुद्दल, थोडी साखर, थोडी ऊब आणि सवड दिली की आपोआप वाढतं. कात्रणात लिहिलं होतं, ‘गरम पाण्यात यीस्ट घाला.’ मी हुकमाचा ताबेदार. गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात यीस्ट घातलं. मळलं. झाकून ठेवलं. दोन तास त्या पातेल्यासमोर बसलो. महागाई भत्त्याच्या फरकाची वाट मी इतक्या निष्ठेनं कधी पाहिली नव्हती. पीठ जागचं हललं नाही. तरीही लेकीच्या केकच्या दिवसांत घेतलेल्या छोट्या ओव्हनमध्ये ते घातलं. पाऊण तासानं जे बाहेर आलं त्याला पाहून लेक म्हणाली, “बाबा, आता नारळ आणू? भूमिपूजन करून टाकू.”

आई पंचाहत्तरीला आली आहे. ती काठी टेकत आली, त्या विटेवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाली, “पाणी लई कडक होतं का रे?”

“कात्रणात गरम लिहिलंय.”

“बोट घालून बघितलंस का?”

“बोटाचं त्यात काही लिहिलेलं नाही.”

“मग कशात घालून बघतेत म्हणे?”

आणि हेच खरं होतं. यीस्ट हा सजीव आहे. पाश्चरसाहेबांनी एकोणिसाव्या शतकातच ते दाखवून दिलं. ५५-६० अंशांना तो मरतो. त्याला हवं कोमट पाणी, ३५ ते ४० अंश, म्हणजे बोटाला जेमतेम ऊब लागेल इतपत. मी मुद्दल पहिल्याच मिनिटाला उकडून मारलं होतं आणि दोन तास व्याजाची वाट पाहत बसलो होतो.

दुसऱ्या रविवारी पाणी कोमट घेतलं. आता कात्रण म्हणालं, ‘दोन तास फुगू द्या.’ मी घड्याळ लावून दोन तास दिले. महिना मे. बाहेर ४३ अंश. परभणीच्या मे महिन्यात दोन तासांत पीठच काय, माणूसही आंबतो. पीठ आधी वर आलं, मग काठावरून खाली बसलं, आणि झाकण काढलं तर असा भपकारा आला की शेजारच्या गृहस्थांनी खिडकीतून सूचक चौकशी केली. तिसऱ्या रविवारी पाणी बरोबर, वेळ बरोबर. ब्रेड ओव्हनमध्ये फुगायला लागला आणि पंधराव्या मिनिटाला वीज गेली. ती आली संध्याकाळी. ‘वीज जाणार नसल्यास सोपा’ एवढे चार शब्द छापायला काय हरकत होती?

तिसरी वीट टाकून देताना मी म्हणालो, “सोपं म्हणणाऱ्याला एकदा मे महिन्यात परभणीला आणलं पाहिजे.”

सौभाग्यवती तेव्हा भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुम्ही मला असंच म्हणाला होतात.”

“मी? कधी?”

“लग्नानंतर. पहिल्या आठवड्यात. ‘त्यात काय, सोपी तर असते भाकरी.’”

वाचकहो, आता मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या हिचं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे भाकरी तांदळाची. उकड काढून केलेली. ज्वारीचं पीठ तिनं आमच्या घरी पहिल्यांदा हाती घेतलं. पहिली भाकरी तव्यावर जाता जाता दोन तुकडे झाली, आणि मी, घरातला विनोदी माणूस, सगळ्यांसमोर म्हणालो, “१९८१ साली परतूर जालन्याला गेलं, १९९९ साली हिंगोली वेगळा झाला. आता हिनं उरलेल्या परभणी जिल्ह्याचंही विभाजन केलं!” खूप हशा झाला. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण मी तो विनोद पुढे आमच्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिकांकात छापला. माझं पहिलं छापील लिखाण ते. त्याच जोरावर मी विनोदी लेखक झालो. नवीन लग्न झालेल्या बायकोची पोळी म्हणजे नकाशा, हा विनोद मराठीत किती वर्षं चालू आहे कोण जाणे. मीही त्या खात्यातून भरपूर उचल केलेली आहे. हप्ता मात्र एकही भरलेला नाही.

त्या दिवशी ती काहीच बोलली नव्हती. अठरा वर्षांनी, तीन विटांनंतर, एकच वाक्य बोलली.

म्हणून हा तंटा मी आता जाहीरपणे मांडतो आहे. माझं म्हणणं असं, की ‘सोपं’ हा शब्द स्वयंपाकघरातून हद्दपार करावा. तो दोन माणसांचा अपमान करतो. ज्याला जमत नाही त्याला तो सांगतो, ‘एवढं साधंही तुला येत नाही.’ आणि जिला जमतं तिला सांगतो, ‘त्यात तू विशेष काय केलंस?’ एकाच शब्दात नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना चुकीची नोंद. आमच्या बँकेत असं झालं तर चौकशी लागते.

ब्रेड सोपा असता तर इतिहास असा का घडला असता? गोव्यात पोर्तुगीज आले, त्यांच्या ‘पांव’चा आपला पाव झाला. पाव पायानं तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती खोटी. ती ज्यांच्या विहिरीत पाव पडला की गाव बाटतं अशी समजूत होती, त्यांनी रचलेली असावी. पिठाला आंबवायला तिथे माडाची सूर वापरत. इतकी शतकं गोवेकर पाव खात आले, पण आजही बहुतेक घरांत तो भाजत नाहीत. पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत येतो आणि पोई, उंडे दारात देऊन जातो. त्यासाठी भट्टीवाला रात्रभर जागतो. ज्यांचं रोजचं अन्नच पाव, त्यांनी हे काम पिढीजात कारागिरांवर सोपवलं. आणि कात्रणवाले बारा ओळींत ते परभणीच्या कारकुनावर सोपवतात! आपल्या सरकारचं घ्या. ब्रेड करण्यासाठी १९६५ साली मॉडर्न बेकरीज नावाची सरकारी कंपनी काढावी लागली. ती शेवटी २००० साली हिंदुस्थान लीव्हरला विकली. अख्ख्या भारत सरकारला जे पेललं नाही ते म्हणे नवशिक्यांसाठी अगदी सोपं.

आणि गंमत पुढेच आहे. खरं पाहता ब्रेड भाकरीपेक्षा सोपाच. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. मळलं की त्याची रबरासारखी जाळी होते, यीस्टनं सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो आणि पीठ फुगतं. म्हणजे निम्मं काम गहू करतो, निम्मं यीस्ट, आणि आपण नुसतं झाकण उघडून बघतो. ज्वारीत ग्लुटेन नाही. त्या पिठाला एकमेकांना धरून ठेवायची स्वतःची काही इच्छा नसते. आधणाचं पाणी घालून त्याला चिकटपणा आणायचा, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, परातीत हलक्या हातानं थापत फिरवायचं, दोन्ही हातांवर तोलून तव्यावर टाकायचं, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायचं. मग आतल्या वाफेनं पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. यीस्ट नाही, जाळी नाही, वजनकाटा नाही. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली असेल तर तेही हातालाच कळायला हवं. गव्हात जे ग्लुटेन करतं ते ज्वारीत बाईचा तळहात करतो.

आईला मी हे शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, “आम्हाला बहात्तरच्या दुष्काळानं शिकवलं.” १९७२ साली ज्वारी नव्हती. अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. आई तेव्हा वीस-बावीसची. “थापला की तडकायचा, भाजला की दगड व्हायचा. तरी भाकर करायची. खडी फोडून आलेली माणसं बसलेली असायची ताटावर. तिथं कोण म्हणतंय सोपं न् अवघड?” त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. त्यानं पुढे परभणी मोती, परभणी ज्योती आणि लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती अशा ज्वारीच्या जाती दिल्या. ती मोठी कामगिरी आहे, मी ती मनापासून मानतो. आमच्या गावात ज्वारीवर पीएच.डी. करता येते. पण त्या ज्वारीची भाकरी करणारीला विचारा, तिला लोक काय म्हणतात? “तुम्हाला काय, येतंच.” २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं तेव्हा मी एका समारंभाला गेलो होतो. व्यासपीठावर कणसांची आरास होती. भाकऱ्या थापणाऱ्या बायका मांडवाच्या मागे, धुरात होत्या. आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचं नाव होतं.

यावर आमचे रोखपाल म्हणाले, “अहो, पण अवघड आहे असं छापलं तर नवशिका करायलाच जाणार नाही.” मला हे पटत नाही. सायकल शिकताना कुणी आपल्याला सोपं आहे म्हणून सांगितलं नव्हतं. पडशील, असंच सांगितलं होतं. म्हणून पडल्यावर आपण उठलो. अटी पहिल्या पानावर छापाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. आणि नुसता आक्षेप घेऊन मोकळं होणं हे लेखा-परीक्षकाचं काम, कारकुनाचं नव्हे. म्हणून चौथ्या रविवारी जमलेला ब्रेड अटींसकट देतो.

मैदा ३०० ग्रॅम. हवं तर त्यात १०० ग्रॅम कणीक धरा, पण मग ब्रेड जरा कमी फुगेल, तक्रार करू नये. कोमट पाणी साधारण १८० मिलिलिटर, बोट घालून पाहिलेलं. कणीक धरली तर आणखी चमचा-दोन चमचे. लहान चमचा भरून कोरडं यीस्ट आणि तितकीच साखर त्या पाण्यात घालून दहा मिनिटं थांबा. फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. नाही आला तर तिथेच थांबा, मैदा वाचेल. मीठ चमचाभर, ते पिठात मिसळायचं, यीस्टच्या डोक्यावर ओतायचं नाही. दोन मोठे चमचे तेल. मग दहा-बारा मिनिटं मळायचं. पीठ आधी हाताला चिकटेल, वैताग येईल, आणखी मैदा घालावासा वाटेल, घालू नये. चिमूटभर पीठ ताणलं की न फाटता पातळ पडदा व्हायला हवा. झाकून ठेवा आणि घड्याळाकडे नव्हे, पिठाकडे बघा. दुप्पट झालं की झालं. मे महिन्यात त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो; जानेवारीत, परभणीचा पारा एक आकडी झाला की, दोन-तीन तासही लागतात. मग दाबून हवा काढा, वळकटी करून तेल लावलेल्या डब्यात ठेवा, पुन्हा फुगू द्या, आणि १९० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं भाजा. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की ब्रेड झाला. आवाज विटेसारखा आला तर आमच्या घरी तीन आहेत, जोडीला ठेवू.

आणि गार झाल्याशिवाय कापू नका. गरम कापला की आतून चिकट लागतो. माझं सगळ्यात जास्त कसोटीचं काम हेच ठरलं.

राहिला झाडपाला. तो प्रश्न आईनं सोडवला. वळणदार, जाडसर, केसाळ पानं असलेली पानओव्याची कुंडी आमच्या मोरीशेजारी वर्षानुवर्षं उभी आहे. आम्ही तिची भजी करतो. एक पान चुरडून आईनं माझ्या नाकाखाली धरलं. तोच वास! पुढे कळलं, की थाइम, ओवा आणि पानओवा यांच्या वासाचं मूळ बरंचसं एकाच जातीच्या तेलात आहे. परदेशांत पानओव्याला क्युबाचा ओरेगॅनोच म्हणतात. म्हणजे मी ज्याच्यासाठी गांधी पार्क पालथं घातलं ते मोरीशेजारी फुकट उभं होतं. दहा-बारा पानं धुऊन, कोरडी पुसून, बारीक चिरून घाला. जोडीला तेलात परतलेला लसूण आणि मूठभर कोथिंबीर. बाटली दुकानातच राहू द्या.

चौथा ब्रेड फुगला. सोनेरी झाला. सगळी गल्ली चाखायला आली. “वा! घरी केला? तुम्ही? कमाल आहे!” असं अकरा जण म्हणाले, मी मोजले. त्याच वेळी टेबलावर आमच्या हिनं केलेल्या बारा भाकऱ्या होत्या. त्याही फुगलेल्या होत्या. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीच काढला. म्हणालो, “मंडळी, अठरा वर्षांपूर्वी मी एका भाकरीवर विनोद छापला होता. तो मी आज मागे घेतो.” मंडळींना वाटलं, हाही विनोदच. हसली.

ही हसली नाही. तिनं ब्रेडचा कडेचा तुकडा मोडला, चावून पाहिला आणि म्हणाली, “मीठ जरा कमी आहे.” मग ज्वारीच्या पिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

मी बी.कॉम. आहे, बावीस वर्षांचा अनुभव आहे, चार ब्रेड केलेले आहेत. परातीत पीठ घेतलं. थापलं. उचलायला गेलो आणि माझ्या हातात जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी असे नऊच्या नऊ तालुके वेगवेगळे आले.

मी तिच्याकडे पाहिलं. तिला हसायचा पूर्ण हक्क होता. अठरा वर्षांचं व्याज थकलेलं होतं. ती हसली नाही. फक्त म्हणाली, “पाणी गार होतं तुमचं. थांबा, आधण ठेवते.”